अर्धा खोपा

पैसे परत मिळणार नाहीत असं कळलं, म्हणून आम्ही किहीमला गेलो.

घर सप्टेंबरातच ठरवलं होतं. तीन रात्री, ओटा, विहीर, स्वयंपाकघर वापरायला, समुद्र चालत सात मिनिटांवर. आगाऊ रक्कम भरली तेव्हा मला नोकरी होती. नोव्हेंबरात ती गेली. एका मंगळवारी दुपारी पंचवीस मिनिटांच्या बैठकीत एकोणीस वर्षं आवरली गेली आणि लॅपटॉप जमा करून मी सव्वाचारच्या लोकलने घरी आलो. त्या वेळच्या लोकलला खिडकी मिळते, हे मला एकोणीस वर्षांत माहीत नव्हतं. जानेवारी लागला तसा बायकोने घरमालकाला फोन केला. तारीख बदलून देतो, पैसे नाही, असं तो अगदी सभ्यपणे म्हणाला. ‘मग जाऊनच येऊ,’ बायको म्हणाली, ‘नाही तरी...’ आणि तिथेच थांबली. आमच्या घरात त्या दिवसांत बरीच वाक्यं ‘नाही तरी’पाशी थांबत होती.

गेटवेहून मांडव्याला बोटीने तासभर लागतो. बोट हलली की कुरव मागे लागतात आणि वरच्या डेकवर पाकिटं फुटतात. हवेतल्या हवेत कुरकुरे झेलणारा पांढरा पक्षी, मागे ताजमहाल हॉटेल, असा फोटो बहुधा रोज काही हजार वेळा निघत असेल. माझी बारा वर्षांची लेक या प्रकाराने संतापते. तिच्याकडे पक्ष्यांची वही आहे, तीत डाव्या रकान्यात नाव, मधल्या रकान्यात संख्या आणि उजवीकडे शेरा.

“तपकिरी डोक्याचे कुरव,” तिने आजीला सांगितलं.

“डोकं तर पांढरं आहे.”

“हिवाळ्यात रंग उतरतो, आजी. कानामागे फक्त डाग उरतो, तो बघ. उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडच्या तळ्यांवर अंडी घालायला जातात ना, तेव्हा परत चढतो.”

आईने चष्मा सावरून डाग पाहिला. “तिबेटातून यायचं आणि हे खायचं,” ती म्हणाली.

त्या उतरलेल्या रंगाचं मला मात्र बरं वाटलं. म्हणजे हे गणवेश तिकडेच ठेवून येतात.

अलिबागेकडे ‘कॉटेज’ हा शब्द कशालाही लावतात. पोहण्याचा तलाव आणि भिंतीएवढी काच असलेला बंगला कॉटेज, आणि मागच्या पडवीला पत्रा ठोकून दोन खाटा टाकल्या तरी कॉटेज. आमचं मधलं होतं. चोंढीला बसमधून उतरून रिक्षाने आलो तेव्हा काकांनी फाटक उघडलं. मालक मुंबईत, घर काकांच्या हाती. नारळ-पोफळींची वाडी, वाडीच्या कडेला विहीर. रहाट कधीच गेला होता, त्याचे दोन दगडी खांब राहिले होते आणि एका खांबाला मोटरचा स्विच. विहिरीवर एक शिंदीचं झाड कललेलं. त्याच्या झावळ्यांना सुगरणीचे खोपे लटकत होते, वाळून गवताच्या गंजीच्या रंगाचे झालेले. जानेवारीत खोप्यात कोणी नसतं. सुगरणीचा संसार पावसाळ्यातला. आता ती चिमण्यांसारखी मळकट होऊन कुठल्यातरी शेतात थव्याने दाणे टिपत असणार.

लेकीने वर पाहिलं, वही उघडली आणि मिटली. पक्षी नाही तर नोंद काय करायची?

मी मात्र तिथेच बसलो. दुसरं काही नव्हतंच करायला. घरात सामान लावलं जात होतं, ‘हे फ्रीजमध्ये, ते बाहेर’ चाललं होतं. त्यात मी मध्ये मध्ये येतो, हे मला दोन महिन्यांत चांगलं कळलं होतं. विहिरीच्या काठावर एक खोपा पडला होता. उचलला. तळहातावर त्याचं वजनच जाणवेना. पण तो पुरा नव्हता. पुऱ्या खोप्याला खाली लांब नळी असते, येण्याजाण्याची वाट. हा नुसता वरचा घुमट, खालून उघडा, आणि उघड्या भागाच्या मधोमध एक जाडसर वेणीसारखा पट्टा. उलटा धरला की हेल्मेट आणि त्याची हनुवटीखालची पट्टी. गवताच्या पट्ट्या एकसारख्या रुंदीच्या होत्या, सुईच्या जाडीच्या. पक्षी पात्याला बुडाशी चोचीने खाच पाडतो, कडा धरून उडतो आणि पट्टी सोलून निघते. एक पट्टी, एक फेरी. पुऱ्या खोप्याला अशा पाचशेपर्यंत फेऱ्या होतात म्हणतात. मी नखाने एक टोक सोडवायला गेलो. ते तीन ठिकाणी अडकवलेलं होतं. एकीकडून ओढलं की दुसरीकडे आवळायचं. आतल्या बाजूला चिखलाचा एक वाळका ठिपका. त्यात ती काजवे चिकटवते, रात्री उजेडासाठी, असं आम्हाला लहानपणी सांगत. खोटं आहे. पण चिखल खरा आहे.

आता सालिम अलींबद्दल सांगायलाच हवं, कारण किहीमचं नाव पक्ष्यांच्या शास्त्रात गेलं ते याच पाखरामुळे. १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या निसर्गविभागात त्यांना गाइड लेक्चररची जागा मिळाली, पगार महिना ३५० रुपये. दोन वर्षांनी रजा घेऊन ते बर्लिनला गेले, एर्विन श्ट्रेसमान यांच्या हाताखाली पक्षीशास्त्र शिकले, आणि १९३०मध्ये परत आले तर पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झालेली. वय तेहतीस, लग्न झालेलं, दुसरी नोकरी मिळेना. मग सालिम आणि त्यांची बायको तेहमिना किहीमला येऊन राहिले, कुटुंबाच्या समुद्राकाठच्या घरात. घराजवळच सुगरणींची वस्ती होती. त्या पावसाळ्यात नोकरी नसलेला हा माणूस आडोशामागे बसून त्यांच्याकडे बघत राहिला, रोज, तासन् तास. पुढच्या वर्षी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांचा निबंध आला.

त्यांनी जे पाहिलं ते असं. खोपा बांधतो तो नर. तोही अर्धाच बांधतो, घुमट आणि पट्टा. मग माद्या येतात. वस्तीत एकदम कालवा होतो, सगळे नर आपापल्या अर्ध्या खोप्याला लटकून पंख फडफडवतात, चिवचिवतात. मादी आत शिरते, ओढून बघते, टोचून बघते. पसंत पडला तर राहते. मग तो राहिलेला भाग, नळी वगैरे, पुरा करतो. ती अंडी घालते, उबवते. आणि तो? तो शेजारच्या झावळीला दुसरा खोपा सुरू करतो, दुसरीसाठी. पसंत पडला नाही, तर खोपा तसाच अर्धा राहतो.

हे मी रात्री जेवताना सांगितलं. मी म्हणजे काय, तिथे बसल्या बसल्या फोनवर वाचलं होतं. हातात तो अर्धा खोपा होता.

“थांब,” बायको म्हणाली. “बांधतो तो आणि नाव सुगरण? बायकांनी केलेल्या कामाला पुरुषांचं नाव लागतं, हे बघितलंय. उलटं झाल्याचं एवढं एकच उदाहरण असेल.”

“पण बहिणाबाईंनी तर आईने पिल्लासाठी बांधला म्हटलंय,” लेक म्हणाली. तिला ती कविता शाळेत आहे, आईलाही होती.

“त्यांनी बघितलं तेव्हा पिल्लं झालेली असणार,” आई म्हणाली. “भरवायला आईच येणार. तेव्हा तो कुठे दिसायला?” मग माझ्या हातातला खोपा घेऊन फिरवून पाहिला. “आम्ही याला नराचा झोपाळा म्हणायचो. पावसात बसायला केलेला.”

“नापास झालेला खोपा आहे तो,” लेक म्हणाली.

कोणी काही बोललं नाही. बायकोने ताक वाढलं. डिसेंबरात मी दोन ठिकाणी मुलाखतीला जाऊन आलो होतो. दोन्हीकडे आत शिरून बघितलं, ओढून बघितलं आणि कळवतो म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आक्षीला जायचं होतं. त्यासाठीच तर सगळा घाट. अलिबागच्या दक्षिणेला, खाडीपलीकडे, आक्षीचा किनारा सपाट आणि रुंद. हिवाळ्यात चिखल्या, तुतवार, सुरय, कुरव असे किनाऱ्यावरचे पक्षी तिथे उतरतात. मराठीचे विद्यार्थी आक्षी ओळखतात ती वेगळ्या कारणाने, शके ९३४च्या म्हणजे १०१२ सालच्या शिलालेखामुळे. एकाच गावाला दोन प्रकारची माणसं येतात: एक दगडाकडे वाकून बघणारी, दुसरी चिखलाकडे.

पण किती वाजता जायचं? किनाऱ्यावरचे पक्षी घड्याळ बघत नाहीत, पाणी बघतात. ओहोटीला पाणी लांब गेलं की तेही लांब जातात, दुर्बिणीतूनही ठिपकेच दिसतात. भरती चढत असताना जायचं; पाणी त्यांना ढकलत तुमच्याकडे आणतं. लेक फोनवर भरतीचं वेळापत्रक शोधत होती, रेंज येत-जात होती. काका पोफळीची झापं गोळा करत होते.

“तिथी काय उद्या?” त्यांनी विचारलं.

“एकादशी,” आई म्हणाली. एकादशी तिला विचारावी लागत नाही.

“मग पाऊणपट करायची.”

आईचा चेहरा एकदम शाळेत गेला. “अकरा पाऊण सव्वाआठ!”

“सव्वाआठला भरती पुरी. द्वादशीला नऊ. रोज पाऊण तास पुढे.”

आईला पाऊणकी येते हे मला माहीतच नव्हतं. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, सगळ्या येतात तिला, पण आजवर त्यांचा उपयोग कोणी विचारला नव्हता. एक पाऊण पाऊण, दोन पाऊण दीड, असं ती पार पंधरापर्यंत म्हणून गेली आणि काका झापं धरून ऐकत राहिले. तेवढ्यात फोनला रेंज आली. फोनचं म्हणणं अर्ध्या तासाने वेगळं निघालं. “चालायचं,” काका म्हणाले, “वाऱ्याने तेवढं होतं.” वाऱ्याने होतं की नाही देव जाणे, पण चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा येतो आणि पाणी त्याच्यामागे. पंचेचाळीस मिनिटांचा हिशेब तोंडी करायला याहून सोपा कोणता असणार!

पहाटे काकांच्या ओळखीची रिक्षा ठरवून निघालो, आईसुद्धा, शाल आणि उपासाच्या साबुदाण्याच्या वड्यांसकट. आक्षीला सुरूच्या झाडांखाली तिला घडीची खुर्ची उघडून दिली. उजाडत होतं. साखर गावाच्या बाजूने होड्या निघाल्या होत्या. ओल्या वाळूवर पाण्याच्या कडेला राखाडी रेघ होती आणि ती हलत होती.

दुर्बीण नऊ वर्षांपूर्वीच्या बोनसातून घेतलेली, माझीच. ती मी एवढ्या वर्षांत चारदा तरी वापरली असेल का, शंकाच आहे. डावा आणि उजवा डोळा वेगळा जुळवून घ्यायचा असतो हे बायकोने मला त्या सकाळी दाखवलं. जुळलं, आणि राखाडी रेघेचे पक्षी झाले. सँडरलिंग म्हणून एक चिमुकला पक्षी असतो. लाट मागे सरली की तिच्या पाठोपाठ धावायचा, दोन-तीनदा वाळूत चोच खुपसायची, पुढची लाट आली की पळत माघारी. पाय भिजू द्यायचे नाहीत असा नियमच केल्यासारखा. लेकीने सांगितलं की त्याला मागचं बोट नसतं, पळायला बरं. उत्तर ध्रुवाजवळच्या प्रदेशात जन्मतो. तिथून आक्षी! मी त्याच्या पायांकडे बघत राहिलो. काळे, काडेपेटीतल्या काडीएवढे.

मग कालवफोड्या आला, काळा-पांढरा, चोच गाजरासारखी लालकेशरी. तो पळत नाही. खडकाळ भागात एका जागी उभा राहून काहीतरी उचकटत होता, बराच वेळ, मान वाकडी करून, चपटी चोच घुसवत. सुटलं तेव्हा आतला मऊ लगदा गिळला आणि चोच पाण्यात धुतली. आमच्या मागून दोन कोळणी टोपल्या घेऊन खाडीकडे चालल्या होत्या. त्यातल्या एकीच्या टोपलीत कोयता होता, त्याच कामाचा.

साडेसातला किनाऱ्यावर एक चारचाकी बाइक आली, वाळूवर भाड्याने फिरवतात ती. सगळे पक्षी उडाले, समुद्रावर वळसा घालून परत बसले. दुसरी फेरी, परत उडाले. मग एक कुत्रा. दिसायला फार सुंदर दिसतं ते, पाचशे पक्षी एकदम वळतात आणि पोटाचा पांढरा रंग चमकतो. लोक त्यासाठी मुद्दामही पळत जातात त्यांच्या अंगावर. पण टिपलेलं त्या उडण्यात जळून जातं, आणि पुढे मार्च-एप्रिलात कित्येक हजार किलोमीटर जायला अंगावर चरबी हवी असते. लेक बाइकवाल्या मुलाकडे जाऊन काहीतरी बोलली. तो हसला आणि थोडा लांबून फिरवू लागला. मी गेलो असतो तर भांडण झालं असतं.

आठच्या पुढे पाणी पार वर आलं. वाळूचा एक जिभेसारखा पट्टा उरला आणि सगळे त्यावर जमले, कुरव, सुरय, चिखल्या, सँडरलिंग, लहान-मोठे, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे. धावपळ थांबली.

“आता काय करतायत?” आईने विचारलं. तिला चष्म्यातून एक पांढुरका पट्टा दिसत होता.

“उभे आहेत,” लेक म्हणाली.

“नुसते?”

“नुसते. भरती असली की खायला जागाच नसते ना, आजी. एका पायावर उभे राहतात. पाणी उतरलं की परत कामाला.”

“किती वेळ?”

“तीन-चार तास.”

आईने वड्यांचा डबा उघडला. आम्ही दीड तास बसलो. मी फोन काढला नाही, म्हणजे काढावासा वाटला नाही असं नाही, पण नोकरीच्या संकेतस्थळांवर सकाळी नऊला मी जी फेरी मारतो ती त्या दिवशी चुकली. दुर्बिणीत एका चिखल्याचा डोळा मिटला, उघडला, परत मिटला. तो झोपला होता की पहारा करत होता, कळलं नाही.

तिसऱ्या रात्री काकांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, बटाटे, मीठ, ओवा, वरून परत पाला. मडकं उपडं घालून भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. पाणी एक थेंब नाही, पाल्याचाच ओलावा. अर्ध्या तासाने मडक्यावर ओला हात मारून चर्र आवाज आला तर झाली. थंडी पडली होती, जाळाभोवती सगळे. आणि तिथे तो प्रश्न आला, जो कुठेतरी येणारच होता.

“तुम्ही काय करता मुंबईला?”

बायकोने शेंग सोलता सोलता हात थांबवला. मी जाळाकडे बघत होतो. एरवी याला माझ्याकडे तीन उत्तरं तयार असतात. कन्सल्टिंग करतो. थोडा ब्रेक घेतलाय. नवीन काहीतरी बघतोय.

“सध्या घरी आहे,” मी म्हणालो. “नोव्हेंबरात नोकरी गेली.”

“हां,” काका म्हणाले, आणि मडक्यावर हात मारून पाहिला. “अजून पाच मिनिटं.”

एवढंच. मग पोपटी उघडली, वाफेत वालाचा आणि पाल्याचा तो कडवट गोड वास, बोटं भाजत खाल्ली. काकांनी त्यांच्या मुलाचं सांगितलं. रिक्षा होती, विकली, आता एका बंगल्यावर माळीकाम. आणि विहिरीवरची शिंदी तोडायला मालक सांगतोय, पानं पाण्यात पडतात म्हणून. दोन वर्षं टाळतोय म्हणाले.

निघायच्या दिवशी मी लवकर उठून विहिरीवर गेलो आणि खोपे मोजले. वारा नसताना मोजायचे, नाहीतर एकच दोनदा मोजला जातो. तेवीस. त्यातले नऊ अर्धे. सगळे झाडाच्या पूर्व अंगाला. पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो, त्याच्या आडोशाला. एका झावळीवर तर एकाखाली एक असे तीन होते आणि तिन्ही अर्धे. त्या नराने त्या वर्षी काय केलं असेल?

लेक दात घासत आली. मी तिला आकडा सांगितला. तिने वही आणली, डाव्या रकान्यात ‘सुगरण’ लिहिलं, संख्येत शून्य. शेऱ्याच्या रकान्यात: ‘खोपे २३, अर्धे ९. बाबांनी मोजले.’

काका पिशव्या रिक्षात ठेवत होते. “पावसात या,” ते म्हणाले. “जुलैत. तेव्हा बघायला मजा, सगळी शिंदी नाचत असते.”

“जुलैत गेटवेच्या बोटी बंद असतात,” मी म्हणालो.

“एसटी आहे की. वडखळवरून.”

“येऊ,” आई आतून म्हणाली. ती आधीच रिक्षात बसली होती, मांडीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो अर्धा खोपा. “याला कुठे रजा मागायचीय!”